मुंबईची कसोटी या मैदानावरून त्या मैदानावर का गेली?

चर्चगेट स्टेशनला उतरून पायी निघालात तर अर्ध्या-पाऊण तासात तीन कसोटी मैदानं बघून होतात. आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना, दिनशा वाच्छा रोडवर ब्रेबॉर्न आणि पश्चिम रेल्वेच्या रुळांना खेटून वानखेडे. कोलंबोत कसोटी मैदानं याहूनही जास्त आहेत, त्यामुळे हा काही जागतिक विक्रम नाही. पण मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आधीचं मैदान मोडकळीला आलं किंवा शहर वाढून तिथून दूर सरकलं म्हणून इथे नवं मैदान बांधलं गेलं नाही. ब्रेबॉर्न उत्तम स्थितीत असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं.

असं का झालं, हे कळलं की आंतरराष्ट्रीय सामना एखाद्या मैदानाला कसा मिळतो, कसा हातचा जातो आणि परत कसा येतो, याचा बराचसा उलगडा होतो. खेळपट्टी, दिवे, ड्रेसिंग रूम या सगळ्या गोष्टी लागतातच. पण मुंबईचा इतिहास नीट पाहिला तर दर वळणावर वेगळाच प्रश्न उभा दिसतो: मैदानाचा मालक कोण, आत कोणाला सोडायचं हे कोण ठरवणार आणि तिकिटांचा गल्ला कोणाकडे जमा होणार?

जिमखान्यातली चार दिवसांची कसोटी

बॉम्बे जिमखाना 1875 चा. क्लब युरोपियनांचा, मैदान सुरेख, आणि हिंदी माणसाला सभासदत्व बंद. तरीही शहरातलं मोठं क्रिकेट याच हिरवळीवर व्हायचं. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम संघांचे चौरंगी सामने हा त्या काळी मुंबईचा वार्षिक उत्सवच होता. पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज, ज्याला स्वतःच्याच समाजातल्या उच्चवर्णीयांनी वेगळं बसवलं, तो युरोपियनांच्या या मैदानांवर युरोपियनांच्या दांड्या उडवत होता. क्रिकेटने माणसांना बरोबरीचं केलं, असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. बावीस यार्डांपुरती बरोबरी होती, पॅव्हेलियनच्या पायऱ्यांशी ती संपत होती.

डिसेंबर 1926 मध्ये आर्थर गिलिगनच्या एमसीसी, म्हणजे लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या, संघाविरुद्ध सी. के. नायडूंनी हिंदूंकडून 153 धावा केल्या, त्यात 11 षटकार होते. इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांना या देशातलं क्रिकेट गंभीरपणे घ्यायला लावणाऱ्या ज्या घटना घडल्या, त्यांत ही खेळी फार वरची. पुढे 1928 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, म्हणजे आपलं बीसीसीआय, स्थापन झालं. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला आणि 15 डिसेंबर 1933 रोजी भारतीय भूमीवरची पहिली कसोटी सुरू झाली, ती बॉम्बे जिमखान्यात.

कायमचं स्टेडियम तिथे नव्हतंच. तात्पुरते मांडव, शामियाने, फळ्यांचे स्टँड. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन, आपले नायडू. भारताचा पहिला डाव 219 वर आटोपला, इंग्लंडने 438 केल्या. दुसऱ्या डावात पदार्पण करणारा लाला अमरनाथ नायडूंच्या जोडीला उभा राहिला. दोघांनी 186 धावांची भागी केली आणि अमरनाथने 118 काढल्या. भारताकडून कसोटीतलं ते पहिलं शतक. लोक मैदानात धावले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असं जुने लोक सांगत आले आहेत. सामना आपण 9 गडी राखून हरलो. त्या दिवसाचं कौतुक मात्र हरण्याच्या पार पलीकडे गेलं.

त्यानंतर जिमखान्यात एकही कसोटी झाली नाही. ज्या क्लबचं दार आपल्यासाठी उघडत नाही, त्याच्या अंगणात आपल्या देशाचा संघ खेळवायचा, ही व्यवस्था टिकणारी नव्हतीच. शिवाय मांडव घालून हजारो लोकांची सोय दरवेळी किती दिवस करणार?

ब्रेबॉर्न: क्लबने बांधलेलं स्टेडियम

त्याच 1933 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआय, स्थापन झाला. बीसीसीआयचे पहिले सचिव अँथनी डिमेलो यांच्या डोक्यात लंडनच्या लॉर्ड्ससारखं स्वतःचं घर होतं. एमसीसी हा क्लब आणि लॉर्ड्स हे त्याचं मैदान, तसाच भारतात एक क्लब आणि त्याचं मैदान. फरक इतकाच की या क्लबात वंशाची अट नसावी.

जागा मिळाली ती समुद्र हटवून तयार केलेल्या बॅकबेच्या भरावावर. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना डिमेलोंनी असं काहीसं विचारलं म्हणतात की, सरकारला खेळाडूंकडून पैसे हवेत की अमरत्व? गव्हर्नरसाहेबांचं नाव स्टेडियमला लागलं, जमीन क्लबला मिळाली. सुमारे 90,000 चौरस यार्ड, साडेतेरा रुपये यार्डाने. मे 1936 मध्ये पायाभरणी आणि डिसेंबर 1937 मध्ये लॉर्ड टेनिसनच्या संघाविरुद्ध उद्घाटनाचा सामना. दीड वर्षात देशातलं पहिलं खरंखुरं क्रिकेट स्टेडियम उभं राहिलं.

आता यातली रचना नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यातून आलं आहे. स्टेडियम क्लबचं. म्हणजे उत्तम जागा आधी सभासदांच्या. सामने भरवणारी संघटना वेगळी, ती शहरातल्या शेकडो लहान-मोठ्या क्लबांचं प्रतिनिधित्व करणारी. तिला आपल्या लोकांसाठी तिकिटं हवीत तर ती मागायची घरमालकाकडे.

भांडण पहिल्याच वर्षी झालं. चौरंगी सामने तोवर पंचरंगी झाले होते आणि 1937 ची स्पर्धा नव्या कोऱ्या ब्रेबॉर्नवर भरायची होती. आपल्या वाट्याला जागा फार कमी आल्या म्हणून हिंदूंनी त्या वर्षी स्पर्धेतून अंगच काढून घेतलं. भांडण खुर्च्यांचं, आणि त्यापायी अख्खा संघ मैदानाबाहेर! पुढच्या चाळीस वर्षांची कुंडलीच यात मांडलेली होती.

खेळ मात्र ब्रेबॉर्नवर असा झाला की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पंचरंगी सामन्यात विजय मर्चंट नाबाद 250 करतात आणि त्याच सामन्यात विजय हजारे 387 पैकी एकटे 309 करून उत्तर देतात. डिसेंबर 1948 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध इथली पहिली कसोटी झाली आणि त्याच मालिकेतली शेवटची कसोटी फेब्रुवारी 1949 मध्ये पुन्हा इथेच. भारताला जिंकायला 361 हव्या होत्या. तोवर आपण एकही कसोटी जिंकलेलो नव्हतो. हजारेंचं शतक, रुसी मोदींच्या 86, शेवटी दत्तू फडकर किल्ला लढवतोय आणि घड्याळ पळतंय. 8 बाद 355 वर खेळ थांबला. पहिल्या कसोटी विजयाला सहा धावा कमी पडल्या, तो विजय यायला 1952 उजाडावं लागलं. ऑक्टोबर 1964 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध 254 चा पाठलाग दोन गडी राखून पुरा झाला, तो दिवस नेमका दसऱ्याचा. सीमोल्लंघन म्हणजे काय ते त्या दिवशी मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं.

1948 ते फेब्रुवारी 1973 या काळात ब्रेबॉर्नवर 17 कसोटी झाल्या. मग एकदम बंद.

तिकिटांवरून मोडलेला संसार

सामने भरवणारी संघटना होती बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, आजची मुंबई क्रिकेट असोसिएशन, म्हणजे एमसीए. कसोटी आली की सीसीआय आणि असोसिएशन यांच्यात घासाघीस ठरलेली. आम्हाला इतक्या जागा द्या. नाही, इतक्याच मिळतील. कांगा लीगमध्ये भर पावसात, चिखलात खेळणारे क्लब असोसिएशनचे सभासद होते. मुंबईचा रणजी संघ याच क्लबांतून घडत होता. पण कसोटीच्या दिवशी त्यांच्या माणसांनी मूठभर पासांसाठी हात पसरायचे. या क्लबांचा राग मला पूर्ण पटतो. सीसीआयची बाजूही समजून घ्यायला हवी: स्टेडियम त्यांनी उभं केलं, सांभाळलं, वर्गणी भरणाऱ्या सभासदांना त्यांनी शब्द दिलेला. दोघांचंही खरं असलं की तडजोड अवघड होते.

असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे. विदर्भातले राजकारणी, राज्यात मंत्री आणि पुढे विधानसभेचे अध्यक्ष. सीसीआयची सूत्रं होती विजय मर्चंट यांच्याकडे. हकिकत सांगितली जाते ती अशी की, आमदारांच्या एका प्रदर्शनीय सामन्यासाठी वानखेडे ब्रेबॉर्न मागायला गेले आणि त्यांना नकार मिळाला. बोलण्यात बोलणं वाढलं आणि मग आम्ही आमचं स्टेडियम बांधू, असं वानखेडे म्हणाले. त्या खोलीत नेमके काय शब्द झाले त्यावर फार भर द्यायला नको. तिकिटांचं दुखणं वर्षानुवर्षं ठसठसत होतं, त्या दिवशी ते फुटलं इतकंच.

जागा राज्य सरकारची, चर्चगेटजवळ रुळांच्या कडेला. वास्तुविशारद शशी प्रभू, तेव्हा अगदी तरुण. साधारण तेरा महिन्यांत काँक्रीटचं स्टेडियम उभं राहिलं. सत्ता हाताशी असल्याशिवाय मुंबईत इतक्या मोक्याच्या जागी इतक्या वेगाने काही बांधून होत नाही, हे उघड आहे. पण त्याची फळं असोसिएशनच्या क्लबांना मिळाली, हेही तितकंच उघड आहे.

23 जानेवारी 1975 रोजी वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी सुरू झाली. मालिका 2-2 अशी बरोबरीत, म्हणून सामना सहा दिवसांचा ठेवला होता. क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 ठोकल्या. द्विशतक झाल्यावर एक मुलगा कुंपण ओलांडून त्याचं अभिनंदन करायला धावला. पोलिसांनी त्याला प्रेक्षकांसमोर झोडपलं. स्टँड खवळले, जाळपोळ झाली, त्या दिवशीचा उरलेला खेळ वाया गेला. नव्या मैदानाची सुरुवात अशी झाली. भारत 201 धावांनी हरला, टायगर पतौडीची ही शेवटची कसोटी ठरली आणि एकनाथ सोलकरने तिथे आपलं एकमेव कसोटी शतक केलं. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, ज्याचं बालपण मरिन लाइन्सच्या त्या मैदानावरच्या झोपडीत गेलं, त्याने शतक केलं ते तिथून हाकेच्या अंतरावर!

ब्रेबॉर्नचा कसोटीचा धंदा बसला. पुढे बीसीसीआयची कचेरीही ब्रेबॉर्नमधून वानखेडेच्या आवारात गेली. आणि ज्यांच्या क्लबशी भांडून हे स्टेडियम उभं राहिलं त्या विजय मर्चंट यांच्या नावाचा स्टँड आज वानखेडेवर आहे. मुंबईच्या क्रिकेटचा हा मोठेपणा मला मनापासून आवडतो.

सामना मिळतो कसा?

आता यंत्रणा थोडक्यात समजून घेऊ. परदेशी संघाचा दौरा बीसीसीआय ठरवतं. सामने कुठे खेळवायचे तेही तिथेच ठरतं आणि ते राज्य संघटनांना आलटून-पालटून वाटले जातात. म्हणजे सामना मैदानाला नाही, संघटनेला मिळतो. संघटना तो आपल्या मैदानावर भरवते. वानखेडे एमसीएचं, ईडन गार्डन्सवर बंगालची संघटना, चेपॉकला तमिळनाडूची. प्रक्षेपणाचे हक्क आणि त्यांचा प्रचंड पैसा मंडळाकडे, तिकीटविक्रीचं उत्पन्न यजमान संघटनेकडे. 1973 सालचं भांडण ज्या गल्ल्यावरून होतं, तो हाच.

सीसीआयसारखा क्लब या रांगेत कुठे बसतो? राज्य संघटना म्हणून तो मुळीच बसत नाही. म्हणून ब्रेबॉर्नवर सामना येतो तो वानखेडे काही कारणाने उपलब्ध नसेल तेव्हा, किंवा मंडळाने मुद्दाम दिला तर.

2009 मध्ये नेमकं असंच झालं. 2011 च्या विश्वचषकासाठी वानखेडेची मोडतोड सुरू होती, म्हणून श्रीलंकेविरुद्धची डिसेंबरमधली कसोटी ब्रेबॉर्नवर आली. फेब्रुवारी 1973 नंतर थेट डिसेंबर 2009. मधे दोन पिढ्या खेळून निवृत्त झाल्या होत्या. वीरेंद्र सेहवागने एका दिवसात नाबाद 284 करून दुसऱ्या दिवसाचा खेळ संपवला आणि सकाळी 293 वर तो बाद झाला. तिसरं त्रिशतक सात धावांनी हुकलं. भारताने 9 बाद 726 वर डाव सोडला, एक डाव आणि 24 धावांनी सामना जिंकला आणि त्या विजयाने कसोटी क्रमवारीत भारत पहिल्यांदा अव्वल ठरला. छत्तीस वर्षं वाट पाहणाऱ्या मैदानाचं याहून मोठं देणं कोणी फेडलं नसेल.

ऑक्टोबर 2018 चा प्रसंग तर या यंत्रणेचा धडाच आहे. बीसीसीआयच्या नव्या घटनेनुसार स्टेडियमची 90 टक्के तिकिटं लोकांना विकायची आणि फुकट पासांसाठी फक्त 10 टक्के ठेवायची, असं बंधन आलं होतं. पासांच्या वाटणीवरून इंदूरचा वेस्ट इंडीजविरुद्धचा एकदिवसीय सामना विशाखापट्टणमला गेला. एमसीएचा कारभारही तेव्हा न्यायालयीन पेचात अडकलेला होता. वानखेडेला ठरलेला त्याच मालिकेतला सामना शेवटी ब्रेबॉर्नवर झाला. रोहित शर्माने 162 केल्या, अंबाती रायडूने शतक केलं. घरच्या पोराने धावांचा पाऊस पाडला, पण तो मूळ ठिकाणापासून थोडं पलीकडे, ज्या मैदानाकडून पास मिळत नाहीत म्हणून वानखेडे बांधलं होतं त्याच मैदानावर.

आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, स्पर्धांत गणित आणखी वेगळं. तिथे यजमान देश असतो, पण स्पर्धा आयसीसीची आणि मैदान त्या काळापुरतं आयसीसीच्या नियमांनी चालतं.

संघटना, मंडळ, आयसीसी यांच्या पलीकडेही सामना अडवणारे हात असतात. ऑक्टोबर 1991 मध्ये पाकिस्तानचा संघ यायच्या आधी शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली आणि ती मालिका रद्द झाली. मैदान तयार, संघ तयार, तिकिटं छापायच्या बेतात, आणि कुदळीने एका रात्रीत सगळं संपवलं.

खेळपट्टीचा शेरा आणि लाल माती

प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर सामनाधिकारी खेळपट्टीला शेरा देतात. खराब शेऱ्याला डीमेरिट गुण मिळतात आणि ते पाच वर्षं मैदानाच्या खात्यावर राहतात. डिसेंबर 2023 पासूनच्या नियमांप्रमाणे 'असमाधानकारक' शेऱ्याला एक गुण, 'अयोग्य' शेऱ्याला तीन, आणि सहा गुण झाले की मैदानाला 12 महिने आंतरराष्ट्रीय सामने बंद. त्यामुळे खेळपट्टी तयार करणाऱ्या क्युरेटरचं काम आता फक्त घरच्या कर्णधाराला खूश ठेवण्याचं राहिलेलं नाही.

वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची. काळी माती पाणी धरून ठेवते, घट्ट बसते, तिच्यावर चेंडू जरा खाली राहतो आणि दमाने येतो. लाल माती लवकर सुकते, तिच्यावर चेंडू उसळतो, आणि एकदा ती भुगा सोडायला लागली की फिरकी चेंडू वळतो आणि वळता वळता छातीपर्यंत चढतो. वळणारा चेंडू खाली राहिला तर फलंदाज कसाबसा पाय टाकून तो अडवतो. वळून उसळला की ग्लव्हज आणि अगदी जवळ उभ्या शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाचा हात यांत फार अंतर उरत नाही.

नोव्हेंबर 2004 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी आठवा. पहिल्या डावात आपण 104. मायकल क्लार्क, ज्याला गोलंदाज म्हणून कोणी मोजत नव्हतं, तो दुसऱ्या डावात 9 धावांत 6 बळी घेऊन गेला. ऑस्ट्रेलियाला जिंकायला 107 हव्या होत्या आणि ते 93 वर संपले. तिसऱ्याच दिवशी खेळ खलास. सामनावीर मुरली कार्तिक. जिंकल्याचा आनंद झालाच, पण इतकी बिघडलेली खेळपट्टी मला आजही खटकते. फलंदाजाला थोडी तरी दाद मागायला जागा असावी.

डिसेंबर 2021 मध्ये मुंबईतच जन्मलेला एजाझ पटेल न्यूझीलंडकडून खेळायला आला आणि भारताच्या पहिल्या डावातले दहाच्या दहा बळी 119 धावांत घेऊन गेला. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर कसोटीत असं करणारा तो तिसराच. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तो परत आला, सामन्यात 11 बळी घेतले, आणि न्यूझीलंडने 25 धावांनी जिंकून मालिका 3-0 अशी खिशात घातली. आपल्याच मातीने दगा दिला म्हणायचं की आपल्याच शहरात जन्मलेल्या पोराने ती माती जास्त ओळखली म्हणायचं, ज्याने त्याने ठरवावं.

सकाळचा चेंडू मात्र वेगवान गोलंदाजांचा. पलीकडे समुद्र, हवेत दमटपणा. फेब्रुवारी 1980 मध्ये बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इयन बोथमने शतक केलं आणि 13 बळीही घेतले. त्याच सामन्यात कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने बाद दिलेल्या बॉब टेलरला परत खेळायला बोलावलं. टेलर आणि बोथमची भागीदारी इंग्लंडला सामना देऊन गेली. विश्वनाथला त्यासाठी कोणी कधी दोष दिला नाही, ही या शहराच्या प्रेक्षकांची खरी ओळख.

कमी खुर्च्यांचं मोठं स्टेडियम

2011 च्या आधीच्या वानखेडेत सुमारे 45,000 माणसं मावायची. नूतनीकरणानंतर हा आकडा 33,000 च्या आसपास आला. विश्वचषकाचा अंतिम सामना येतोय आणि जागा कमी कशा केल्या, असं अनेकांना वाटतं. कारण साधं आहे. जुन्या पायऱ्यांवर माणसं खेटून बसायची. प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची दिली, ये-जा करायला रुंद वाटा ठेवल्या, वर छप्पर आणलं की जागा घटणारच. पाठीला टेकू मिळाला, उन्हापासून आसरा मिळाला, आणि तिकीट मिळणं आणखी कठीण झालं.

2 एप्रिल 2011 ची रात्र सगळ्यांना पाठ आहे. कल्लोळात श्रीलंकेच्या कर्णधाराचा कौल ऐकूच गेला नाही, म्हणून नाणेफेक दोनदा करावी लागली. गंभीर 97, धोनी नाबाद 91 आणि कुलशेखराला मारलेला तो षटकार. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 2013 मध्ये, सचिन तेंडुलकरने 200 वी कसोटी इथेच खेळून 74 धावांवर बॅट खाली ठेवली. यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. त्या दोन्ही दिवसांच्या मधे, नोव्हेंबर 2011 मध्ये, वेस्ट इंडीजविरुद्धची एक कसोटी झाली, तिची आठवण फार कमी लोक काढतात. भारताला 243 हव्या होत्या. शेवटच्या चेंडूवर दोन धावा लागत होत्या, एकच निघाली आणि रवीचंद्रन अश्विन धावबाद झाला. 9 बाद 242. धावसंख्या समान, तरी सामना बरोबरीचा नाही तर अनिर्णित, कारण शेवटच्या डावातली एक विकेट शिल्लक होती. टाय आणि ड्रॉ यांतला फरक कोणाला समजावायचा असेल तर याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

खाडीपलीकडे

एका गोष्टीचा मला अजूनही राग येतो. 2013 चा महिलांचा विश्वचषक वानखेडेवर होणार होता. पण जानेवारीत मुंबईचा संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोचला आणि तो सामना वानखेडेवर खेळवायचा म्हणून महिलांची स्पर्धा ब्रेबॉर्नला हलवली गेली. ब्रेबॉर्नने पाहुणचार उत्तम केला, अंतिम सामना तिथे झाला, ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला हरवलं. पण जागतिक स्पर्धा बाजूला सरकवता येते, असं कोणाला तरी वाटलं. पुरुषांच्या विश्वचषकाबाबत हा विचार कोणाच्या मनात तरी आला असता का?

खाडीपलीकडे नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम 2008 मध्ये सुरू झालं. मालकीचा हा चौथा प्रकार: ना युरोपियनांचा क्लब, ना हिंदी क्लब, ना संघटना, तर खासगी शिक्षणसंस्था. पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला, पण आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या वाटणीत हे मैदान बरीच वर्षं काठावर होतं. त्याला हक्काचं माणूस मिळालं ते महिला क्रिकेटच्या रूपाने. डिसेंबर 2023 मध्ये भारताच्या महिलांनी इंग्लंडला तिथे 347 धावांनी हरवलं आणि त्याच महिन्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी आठ गडी राखून जिंकली. एका महिन्यात दोन महिला कसोटी, दोन्ही मुंबईच्या परिसरात, दोन्ही जिंकलेल्या.

2025 च्या महिला विश्वचषकात बंगळुरूचे सामने चिन्नास्वामी स्टेडियमवर व्हायचे होते. पण जूनमध्ये त्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन 11 माणसांचा जीव गेला आणि त्यानंतर तिथे सामन्यांना परवानगी मिळण्याची चिन्हं राहिली नाहीत. हे सामने नेरूळला आले. खेळपट्टी कितीही चांगली असो, दाराबाहेरच्या रस्त्यावर गर्दी सुखरूप राहील याची खात्री पोलिसांना नसेल तर सामना होत नाही, आणि तसंच असायला हवं. रस्ते, स्टेशन, येण्या-जाण्याच्या वाटा हाही स्टेडियमचाच भाग आहे.

2 नोव्हेंबर 2025 रोजी तिथेच अंतिम सामना झाला. भारत 7 बाद 298, शेफाली वर्मा 87. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक करून लढत होती, दीप्ती शर्माने पाच बळी घेतले आणि भारत 52 धावांनी जिंकला. 2011 चा पुरुषांचा विश्वचषक वानखेडेवर, 2013 चा महिलांचा ब्रेबॉर्नवर आणि 2025 चा महिलांचा नेरूळला: पंधरा वर्षांच्या आत तीन विश्वचषकांचे अंतिम सामने एका महानगराने तीन निरनिराळ्या मालकांच्या मैदानांवर भरवले.